चारचा फोन

त्या रविवारी उत्तरा पालकरने आईला फोन लावला तेव्हा पावणेचार वाजले होते. पुढच्या शनिवारी कुठल्या पुस्तकावर बोलायचं ते अजून ठरत नव्हतं, म्हणून तिची जरा चिडचिड चालली होती. नाशिकच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. गेली अकरा वर्षं दर शनिवारी ती कॉलेजच्या वाहिनीवर एका पुस्तकाची ओळख करून द्यायची. लोक म्हणत, पालकरबाईंचा आवाज ऐकला की पुस्तक हातात घ्यावंसं वाटतं.

"बोल," कऱ्हाडहून आई म्हणाली. "स्वतः बोलतेयस ना?"

"नाही, माझं भूत बोलतंय. आई, दर वेळी काय गं हे?"

"सवय. जात नाही." आई हसली. "निकमांनी अख्खा फणस आणून दिलाय. मी एकटी काय करू त्याचं?"

"वाटून टाक."

"गरे मोठे गोड आहेत. तू आली असतीस तर..."

"आई, परीक्षा आहेत. गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या. बरं, ठेव आता. चार वाजत आले. मला फोन यायचाय."

"कुणाचा?"

"आहे एक," आई म्हणाली. नवी साडी लपवून ठेवलेल्या बाईसारखा तिचा आवाज झाला होता.

फोन आईनेच आधी ठेवला. असं कधी होत नसे. उत्तरा दोन क्षण फोनकडे बघत राहिली. रविवारची सहा मिनिटं ही आईची गरज आणि आपलं कर्तव्य, असं ती धरून चालली होती. आज ती सहा मिनिटं कुणाच्या तरी आड आली होती. कोण असेल? भजनी मंडळातली एखादी बाई, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि ती पुस्तकांकडे वळली. मनात बारीकसं टोचलं होतं, तेही तिने बाजूला ठेवलं.

सोमवारी सकाळी आई चहा घेऊन खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. निकमकाकूंनी नाशिकला कळवलं. इंदुमती पालकर, वय शहात्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त.

तिसऱ्या दिवशी नातेवाईक पांगले. उत्तरा आईच्या खोलीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या गोळा करत होती. बरोबर चार वाजता आईचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं: उत्तरा.

तिचा स्वतःचा फोन बाजूला टेबलावर होता, गप्प पडलेला.

तिने आईचा फोन उचलला.

"आई, अगं कुठं होतीस? तीन दिवस फोन उचलला नाहीस. जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

आवाज तिचाच होता. तोच किंचित खरखरीत सूर, वाक्य संपताना खाली उतरणारा. पण 'जीव थाऱ्यावर नव्हता' असं उत्तरा आयुष्यात कधी आईला म्हणाली नव्हती.

"हं," तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"आवाज बसलाय तुझा. आलं घालून चहा घे बघू. आणि त्या पुराच्या दिवसाचं अर्धंच सांगितलंस. एक्स्चेंजमध्ये पाणी शिरलं, तुम्ही टेबलांवर चढून बसलात, मग?"

उत्तराने फोन बंद केला. आपला आवाज चोरीला गेलाय, काहीतरी भयंकर घडलंय, हे तिला कळत होतं. पण पहिला विचार तो नव्हता. पहिला विचार हा होता, की कुठला पूर? मला का नाही सांगितला?

साताऱ्याच्या ओळख संरक्षण कक्षात तबस्सुम मुजावर नावाच्या तिशीतल्या अधिकारी होत्या. त्यांनी आईचा फोन यंत्राला जोडला, बराच वेळ आकडे बघितले आणि खुर्ची जवळ ओढून घेतली.

"ताई, बोलओळख तुम्हाला माहीतच आहे. रोज वापरतो आपण. तुमच्या आईची ती चोरीला गेलीय."

माहीत होतीच. बोटांचे ठसे आणि चेहरे सर्रास बनावट निघू लागले, तेव्हा सगळे व्यवहार बोलओळखीवर आले. ती आवाज तपासत नाही. आवाजाची नक्कल तर कुणीही करतं. यंत्र दर वेळी काहीतरी नवंच विचारतं, आज खिडकीबाहेर काय दिसतंय, सकाळी कशाचा राग आला, असं. आणि आपण बोलतो कसे ते बघतं. श्वास कुठं घेतो, शब्द कुठं अडतो, नको असलेल्या विषयाला वळसा कसा घालतो. चालण्यावरून माणूस लांबून ओळखू येतो, तशी ही बोलण्याची चाल. चोरलेलं रेकॉर्डिंग इथं उपयोगाचं नाही, कारण प्रश्न दर वेळी वेगळा.

"मग आईची ओळख चोरली कशी?"

"साठेक तास मोकळं बोलणं मिळालं की चालीची प्रत बनते. पण परक्या माणसाशी साठ तास कोण बोलेल? म्हणून हे लोक आधी घरातलं माणूस चोरतात. तुमचे अकरा वर्षांचे शनिवार उघड्यावर होते. त्यावरून तुम्ही झालात. मग तुम्ही रोज आईला फोन केलात."

"पण मी तर पुस्तकांवर बोलते. हे असलं... जीव थाऱ्यावर वगैरे..."

"ते दुसऱ्यांकडून घेतात," मुजावर म्हणाल्या. "आवाज तुमचा, माया भलत्या कुणाची."

उत्तराने मान वळवली आणि विचारलं, "किती बोलली ती आईशी?"

"पाच महिन्यांत बासष्ट तास. सगळं फोनमध्ये आपोआप साठलंय." त्या जरा थांबल्या. "तुमचे धरले नाहीत यात. तुमचे दोन तास बारा मिनिटं."

त्यात टोमणा नव्हता. नुसता आकडा होता. म्हणूनच तो जास्त लागला.

"तुमच्यात घरचा शब्द ठरला होता का? संशय आला की विचारायचा?"

"नाही." कॉलेजात मुलांना या विषयावर तिने तासभर सांगितलं होतं. घरचा शब्द ठरवा, फोन ठेवून आपल्याकडच्या नंबरवर उलट फोन करा, नेटवर आपला आवाज मोकाट सोडू नका. आईशी शब्द ठरवायला दोन मिनिटं लागली असती. सहा मिनिटांत ती दोन कधी बसली नाहीत.

दहाव्या दिवशी कोल्हापूरहून शैला हुपरीकर आल्या. आईच्या काळच्या ऑपरेटर. या दोघी आधी नऊ वर्षं नुसत्या आवाजाने एकमेकींना ओळखत, एक कऱ्हाडच्या बोर्डावर, दुसरी कोल्हापूरच्या. मग कधीतरी एका लग्नात भेटल्या. आल्या आल्या त्यांनी उत्तराचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"मावशी, आईला फसवलं हो कुणीतरी. माझ्या आवाजात."

"इंदूला? कुणाची छाती आहे! तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"काय?"

"अगं पोरी, पी. पी. कॉल जोडणारी बाई ती. ठरावीक माणसासाठी लावलेला फोन, तोच माणूस आला तर पुढं जोडायचा. आम्ही विचारायचो, आपण स्वतः बोलताय का? खोटा माणूस लगेच म्हणायचा, हो हो, स्वतःच. खरा असला की वैतागायचा. तर त्या बयेला इंदूनं विचारलं, स्वतः बोलतेयस ना? ती म्हणाली, हो आई, मीच. गोडात. इंदू मला म्हणते, शैला, माझी मुलगी एवढी सरळ उत्तर देईल का कधी?"

उत्तराला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. "मग ठेवला का नाही फोन?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाली, लाइन अडवून ठेवलीय मी. माझ्याशी बोलतायत तोवर दुसऱ्या कुणाला गंडवणार नाहीत. आणि एकही नंबर दिला नाही हो तिनं. खात्याचा नाही, आधारचा नाही, काही नाही. भारी खूश होती. म्हणे, त्यांना वाटतं म्हातारी सापडली, आणि म्हातारी आपल्या गप्पा मारून घेते."

जन्मभर नंबर सांभाळलेल्या बाईने नंबर सांभाळले होते. चोरांना नंबर नकोच होते. त्यांना त्या गप्पाच हव्या होत्या.

"आणि ऐक," शैलामावशींचा आवाज खाली आला. "काल अकरा वाजता इंदूनं मला फोन केला."

"मावशी!"

"माहितेय गं मला. तुझा निरोप आला तेव्हा रडले की मी. पण ती म्हणाली, काय हुपरीकर, बोर्ड शांत दिसतोय आज. अस्संच म्हणायची. मला फोन ठेववेना. वीस मिनिटं बोलले."

मुजावरांनी पुढचं समजावून सांगितलं, फोनवरूनच. आता पाळी शैलाबाईंची. चोर कुठे बसलेत ते सापडायला महिने लागतील, कदाचित सापडणारही नाहीत. उपाय एकच, आईची बोलओळख कायमची बंद करायची. एकदा ती चाल बंद यादीत गेली, की देशातलं कुठलंच यंत्र ती पुढं जाऊ देत नाही. फोन मध्येच तुटतो, लाउडस्पीकर गप्प होतो.

"आणि माझ्याकडची रेकॉर्डिंगं?"

"तीही, ताई. खऱ्या-खोट्यात यंत्र फरक करत नाही. चाल एकच आहे. ती परत वाजणार नाहीत."

"मला थोडे दिवस द्या," उत्तरा म्हणाली.

तिने रजा वाढवली. रोज चार वाजता ती आईच्या खुर्चीत बसायची आणि एकच फोन ऐकायची, जास्त नाही. संपून जाईल ही भीती होती आणि सहन होत नव्हतं हेही होतं. आई पुराचं सांगत होती, टेबलावर मांडी घालून बारा तास फोन जोडले ते. एका फोनवर मेलेल्या नवऱ्याची नक्कल करून खोखो हसत होती. एकदा गाणं म्हणाली, अख्खं, दोन कडव्यांसकट. आई गाते हे उत्तराला ठाऊक नव्हतं. मध्ये मध्ये तो दुसरा आवाज 'अय्या' म्हणायचा, 'मग गं?' म्हणायचा, कधी घाई करायचा नाही. उत्तराचे दात आवळले जायचे. एखाद्या सवतीचा करावा तसा तिने त्या आवाजाचा द्वेष केला. ती सवत तिच्याच गळ्याने बोलत होती, आणि मुलगी म्हणून तिच्याहून सरस होती.

सतराव्या फोनमध्ये आई म्हणाली, "लहानपणी किती बडबड करायचीस तू. आणि मग सात-आठ वर्षांची असताना एकदम गप्प झालीस. काय झालं होतं गं तेव्हा?"

हे आईने तिला कधीच विचारलं नव्हतं.

"काही नाही गं आई," तो आवाज गोड हसला. "मोठी झाले."

"असं होय," आई म्हणाली. मग जरा वेळ नुसतीच लाइन चालू होती.

खरं उत्तर जगात एकाच माणसाकडे होतं. ते माणूस खुर्चीत बसून ऐकत होतं.

तीन आठवड्यांनी मुजावरांचा फोन आला. "ताई, शैलाबाईंचे पन्नास तास झाले. दिवसाला तीन-तीन तास बोलतात. मी स्वतः जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, नंबर देत नाही मी, काळजी नको."

उत्तराने मावशींना फोन लावला. "मावशी, बंद करा हो ते."

"तुझ्याकडे तिचा आवाज आहे," शैलामावशी तुटक म्हणाल्या. "तू ऐकतेस की रोज. मी ऐकलं तर तुला का खुपतंय?"

खुपत होतंच. ती खोटी इंदू मावशींना काय सांगत असेल, याचाही उत्तराला हेवा वाटत होता. हे स्वतःशी कबूल केल्यावर तिची तिलाच शिसारी आली. आणखी आठ-दहा फोन ऐकायचे असते तर मुजावरांनी अडवलं नसतं. पण आठ-दहांवर ती थांबली नसती. आणि मावशींचे साठ तास भरले की मावशींच्या आवाजात आणखी कुणाला फोन जाणार होता. आईने लाइन अडवली होती ती याच कारणासाठी. तिची चूक फक्त एवढीच, की अडवायची लाइन दुसरी होती, तिच्या स्वतःच्याच गप्पांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरा साताऱ्याच्या गाडीत बसली. पन्नासहून जास्त तास तिने ऐकलेच नव्हते.

कक्षात आणखी एक अडचण निघाली. बंदीची मागणी वारसाने स्वतःच्या बोलओळखीवर करायची असते, आणि उत्तराची बोलओळख तर गोठवलेली होती. यंत्राच्या नोंदीत दोन उत्तरा होत्या.

"आधी तुम्हाला नव्यानं नोंदवावं लागेल," मुजावर म्हणाल्या. "तुमचे शनिवार आणि ते चारचे फोन यांवरून आम्ही तुमची प्रत बनवलीय, चोरांकडे असेल तशीच. तुम्ही बोलायचं. ती तुमचा पुढचा शब्द ओळखत राहील, इथे करड्या अक्षरांत दिसेल. तिला जे ओळखता येतं ते तुमचं एकटीचं राहिलेलं नाही. तिला येणार नाही असं काहीतरी बोलायला हवं. सात-आठ मिनिटं पुरे."

"कशाबद्दल?"

"आईबद्दल बोला. सगळे तिथूनच सुरुवात करतात."

उत्तरा बोलायला लागली. माझी आई इंदुमती पालकर. अत्यंत कष्टाळू. शब्द ओठांवर यायच्या आधी पडद्यावर करडा होऊन उमटत होता. तिने जो संसार केला, लिहिलेलं होतंच. तिने वाक्य मध्येच वळवलं, करडी अक्षरंही वळली. मग तिने डोळे मिटून म्हटलं, माझं तिच्यावर खूप प्रेम होतं. डोळे उघडले तर ते आधीच तिथे होतं. ते तर त्या दुसरीने पाच महिन्यांत रोज म्हटलं होतं.

"चौऱ्याण्णव टक्के ओळखलं तिनं," मुजावर हळू म्हणाल्या. "हरकत नाही. पाणी घ्या. पुन्हा करू."

उत्तराने पाणी घेतलं नाही. पडद्यावरच्या करड्या अक्षरांकडे तिने एकदा नीट बघितलं. एवढं सगळं घेतलं होतं हिने. आईचं हसू, आईचा पूर, आईचं गाणं. आईचा प्रश्नसुद्धा हिनेच घेतला होता, आणि उत्तर ठोकून दिलं होतं.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली.

पडद्यावर आलं: तेव्हा आई.

"डॉक्टर किरपेकरांकडे फोन होता. गल्लीत तेवढाच. आई दुपारची पाळी करून संध्याकाळी यायची तेव्हा तिचा घसा संपलेला असायचा. खुणेनंच ताट वाढायची. सगळा मऊपणा ती लोकांना वाटून यायची. बोला, घाबरू नका, जोडते हं. मला त्या लोकांचा हेवा वाटायचा. ज्यांची माणसं मुंबईला दवाखान्यात पडली होती, त्यांचासुद्धा."

करडी अक्षरं उमटत होती आणि चुकत होती. मुजावरांनी आकड्यांवरची नजर काढून घेतली.

"एक दिवस किरपेकरकाकू परसात गेल्या होत्या. मी ट्रंक बुकिंगचा, बाहेरगावचे फोन जोडून देणाऱ्या आईच्या एक्स्चेंजचा नंबर फिरवला. आईच आली लाइनवर. मी आवाज बारीक केला आणि म्हटलं, मी वैजू बोलतेय. आई म्हणाली, कुठं लावायचाय फोन, बाळ? मी म्हटलं, कुठंच नाही. आई घरी नाही म्हणून केला. ती म्हणाली, मग घाबरायचं नाही, मी आहे की. तीन मिनिटं बोलली. शाळेत काय शिकवलं विचारलं, डब्यात काय होतं विचारलं. वैजूला. मला तिनं कधी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारत असेल, खुणेनं."

पडद्यावर आता काहीच येत नव्हतं.

"संध्याकाळी ती आली, ताट वाढलं. मला वाटलं, ती सांगेल, आज एका मुलीचा फोन आला होता. नाही सांगितलं. तिनं मला ओळखलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. मी ठरवलं, हिला ती वैजूच आवडते. तेव्हापासून मी कमी बोलायला लागले. मग तीच सवय झाली. रविवारची सहा मिनिटं मी घड्याळ लावून बोलायचे, आई. ती शिक्षा होती तुला. कशाची, ते कधी सांगितलंच नाही."

तिचा आवाज फुटला. तिने तो सावरला नाही.

"तू त्या दुसरीला विचारलंस, काय झालं होतं गं तेव्हा. तिला माहीत नव्हतं. वैजू म्हणून कुणी नव्हतीच, आई. मी होते."